‘तिथे बघण्यासारखं काही नाही’

सेकंड इयरच्या पहिल्या सेमिस्टरची सबमिशन्स संपली आणि त्याच रविवारी आमच्या विंगमधल्या अकरा जणी कान्हेरीला गेलो. अंधेरीहून लोकलने बोरिवली, तिथून नॅशनल पार्कचा दरवाजा, पुढे आतली बस. पायऱ्या चढलो, मोठ्या बुद्धमूर्तीपुढे फोटो काढले, चार-पाच गुंफांत डोकावलो, ‘सगळ्या सारख्याच आहेत’ असा शोध लावला आणि चाळीस मिनिटांत खाली उतरून तिखट-मीठ लावलेली काकडी खात बसलो. संध्याकाळी मेसच्या मावशींनी विचारलं, ‘‘काय बघितलंत गं पोरींनो?’’ आमच्यातली एक म्हणाली, ‘‘काही नाही मावशी, दगडातल्या खोल्या. तिथे बघण्यासारखं काही नाही.’’

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण नंतर लायब्ररीत (चुकून, सर्व्हेइंगचं पुस्तक शोधताना) कान्हेरीवरचं एक पुस्तक हाती लागलं आणि कळलं की ज्या डोंगराला आम्ही चाळीस मिनिटं दिली, त्यावर माणसं जवळजवळ एक हजार वर्षं छिन्नी चालवत होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत तिथे भिक्खू राहिले आणि शंभराहून जास्त लेणी खोदली गेली. म्हणजे बघण्यासारखं पुष्कळ होतं. आम्हाला बघता येत नव्हतं, एवढंच.

मग प्रश्न पडला की बघायला शिकवतं कोण? इंग्रजीत याला ‘इंटरप्रिटेशन’ म्हणतात आणि परदेशात तो चक्क अभ्यासाचा विषय आहे. मराठीत नेमका शब्द शोधायला गेले तर ‘अर्थनिर्वचन’ मिळाला. तो ऐकून समोरचा माणूस उठून जाईल, म्हणून मी या लेखापुरता साधा शब्द वापरते : उलगडा.

या विषयाचा बाबा मानला जातो तो फ्रीमन टिल्डन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी काम करताना त्याने 1957 साली ‘इंटरप्रेटिंग अवर हेरिटेज’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात सहा तत्त्वं मांडली. मला त्यातली दोन सर्वांत पटली. पहिलं म्हणजे माहिती देणं आणि उलगडा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं म्हणजे पाहुण्याच्या स्वतःच्या आयुष्याशी ज्याचा संबंध लागत नाही, ते त्याच्या डोक्यावरून जातं. आपल्याकडच्या काही प्राध्यापकांनाही हे पुस्तक भेट द्यावं असा एक विचार मनात येऊन गेला, पण व्हायवा जवळ आहे.

आता हेच तत्त्व कान्हेरीला लावून बघू. फलकावर ‘विहार क्र. अमुक, इसवी सनाचे तमुक शतक, समोर व्हरांडा, आत दालन व खोली’ असं लिहिलं तर ती माहिती झाली. वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. त्याऐवजी हॉस्टेलच्या मुलांना सांगा की ही हॉस्टेलची खोली आहे. आत भिंतीला लागून दगडाचा ओटा आहे ना, तो बेड. दाराबाहेर व्हरांड्यात बसायला बाक. बाजूला जमिनीत चौकोनी तोंडाचं टाकं, ते या खोलीचं स्वतःचं पाणी. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. म्हणून ही वस्ती. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात जा, तिथे मोठ्या दालनात दोन लांबच लांब, ठेंगणे दगडी बाक समांतर कोरलेले आहेत. बघितल्याबरोबर आपल्या मेसची आठवण होते. अभ्यासकांच्या मते ती सगळ्यांनी एकत्र बसण्याची जागा असावी. एवढं सांगितल्यावर ‘सगळ्या सारख्याच आहेत’ म्हणणारी मुलगी आपणहून विचारते, की मग सीनियर्सची खोली कुठली?

पाण्याच्या बाबतीत तर कान्हेरी म्हणजे सिव्हिलवाल्यांसाठी तीर्थक्षेत्रच. टेकडीच्या उतारावर, लेण्यांच्या माथ्यावर बारीक चर खोदलेले दिसतात. पावसाचं पाणी दारावरून न गळता बाजूला वळावं आणि टाक्यात जावं, ही त्यांची योजना. आमच्या दुसऱ्या फेरीत मी एका लेण्यावर खडक पावलांनी मोजला. साधारण दहा मीटर बाय पाच मीटर एवढा भाग एका टाक्याकडे उतरतो असं धरलं. सांताक्रूझला पावसाळ्यात सुमारे 2300 मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे 2.3 मीटर. 50 चौरस मीटर गुणिले 2.3 मीटर, झाले 115 घनमीटर, म्हणजेच 1 लाख 15 हजार लिटर. अर्धं वाहून गेलं, उडून गेलं असं समजा. माणशी दिवसाला 20 लिटर धरले आणि पावसाळा सोडून उरलेले 240 दिवस धरले तर एका भिक्खूला 4800 लिटर लागतील. म्हणजे एवढ्याशा खडकावरचा पाऊस दहा-अकरा जणांना वर्षभर पुरतो, फक्त टाकं तेवढं मोठं हवं. हे गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. माझं म्हणणं, तिथे टाक्याचं वर्णन लिहिण्याऐवजी हे गणितच अर्धवट सोडवून ठेवावं आणि उत्तराची जागा कोरी ठेवावी. मुंबईतल्या माणसाला पाणीकपात काय असते ते सांगावं लागत नाही.

शिलालेखांचंही तसंच. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले पुष्कळ लेख आहेत, बहुतेक प्राकृतात आणि बहुतेक दानाचे. ‘प्राकृत दानलेख’ म्हटलं की माझे डोळे आपोआप मिटतात (शाळा कॉन्व्हेंटची, तिथे प्राकृत तर सोडाच, मराठीसुद्धा तिसरी भाषा होती). पण लेखात काय आहे बघा. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान दिलं. त्या भाषेत टाक्याला ‘पोढी’ म्हणत. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनीही दानं दिली, आणि सोपारा म्हणजे आपला नालासोपारा. एका लेखात भिक्खूंच्या गरजांसाठी एका गावातलं शेत कायमचं लावून दिल्याचा उल्लेख आहे. मुद्दल शिल्लक ठेवायचं आणि उत्पन्नातून खर्च चालवायचा, म्हणजे आजच्या भाषेत फिक्स्ड डिपॉझिट. त्याला ते ‘अक्षयनीवी’ म्हणत. गावाचं नाव मंगलठाण, आणि अभ्यासक सांगतात की तेच आजचं मागाठाणे. हो, मेट्रोचं स्टेशन आहे ते मागाठाणे! आमच्या विंगमधली बोरिवलीची मुलगी हे ऐकून ओरडलीच, ‘‘अगं, माझी मावशी राहते तिथे!’’ दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस एकदम मावशीचा शेजारी झाला. टिल्डन म्हणतो तो संबंध हाच असावा.

आणखी एक गंमत नव्वदाव्या लेण्यात आहे. तिथे पहलवी लिपीत लेख कोरलेले आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये इराणी वंशाचे, म्हणजे पारशी पाहुणे इथे आले होते आणि त्यांनी आपली नावं व तारीख भिंतीवर कोरून ठेवली. थोडक्यात, टूरिस्टने भिंतीवर नाव लिहिण्याची परंपरा हजार वर्षं जुनी आहे. आता कोणी म्हणेल की मग आमच्या ‘राहुल लव्हज प्रिया’ने काय घोडं मारलं? खरं तर हा प्रश्न पाहुण्यांपुढे मोकळेपणाने ठेवायला हवा. प्राचीन स्मारकांचा जो कायदा 1958 साली झाला, त्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे धमकीचं वाक्य वाचून कोणाचा हात थांबतो असं मला वाटत नाही. जो माणूस ते 1009 सालचं नाव शोधून बघेल आणि त्यावर कोणीतरी किल्लीने बदाम कोरला तर काय जाईल हे समजेल, त्याचा हात थांबेल. वाचता येणारी गोष्ट पुसून टाकायला जीव जड होतो.

आता जरा फलकांकडे वळू, कारण तिथे आपलं शिक्षण कामाला येतं. डोळे तपासायच्या तक्त्यावर 6 मीटरवरून नॉर्मल डोळ्याला जेमतेम वाचता येणारं अक्षर डोळ्याशी 5 मिनिटांचा (कोनाची मिनिटं, घड्याळाची नाहीत) कोन करतं. म्हणजे त्याची उंची साधारण 8.7 मि.मी. येते. फलक दीड मीटरवरून वाचायचा असेल तर हाच हिशेब 2.2 मि.मी. देतो. पण ही जेमतेमची मर्यादा झाली. आरामात वाचायला निदान तिप्पट धरा, म्हणजे साडेसहा मि.मी. आणि हा हिशेब सुट्या रोमन अक्षरांचा. आपल्या देवनागरीत वर मात्रा-रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे अक्षर आणखी मोठं हवं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटं होतं. इंग्रजी मजकूर आधी बसवतात आणि उरलेल्या जागेत मराठी कोंबतात. उपनगरातल्याच एका ठिकाणी (नाव नको) मी असा फलक बघितला आहे, की ज्यावर मराठी वाचायला माझ्या आजीला फलकाचं चुंबन घ्यावं लागलं असतं. शिवाय चकचकीत स्टीलवर कोरलेला मजकूर दुपारी बाराला वाचता येतो का, हे फलक लावणाऱ्याने एकदा दुपारी बाराला उभं राहून बघावं.

आणि मजकूर किती? पाहुणा उन्हात उभा आहे, पायऱ्या चढून दमला आहे, कडेवर पोर आहे. तो तीन सेकंदांत ठरवतो की वाचायचं की नाही. वाचलं तर अर्धा मिनिट देतो. फार थोडे लोक तीन मिनिटं थांबतात. म्हणून मथळ्यातच गोष्ट हवी. ‘विहार क्र. अमुक’ हा मथळा नव्हे. ‘कल्याणच्या सोनाराने दिलेलं पाणी’ हा मथळा आहे. मोबाइलवर स्कॅन करायचा कोड लावला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं, पण जंगलात रेंजचा भरवसा नाही आणि माणूस डोंगरावर आला आहे तो मोबाइलमध्ये बघायला नव्हे.

या सगळ्याच्या आधी पाणी, सावली आणि स्वच्छतागृह लागतं हे मात्र विसरू नका. पोटात कावळे ओरडत असताना महायान आणि हीनयान यांतला फरक कोणाला कळलेला नाही. कान्हेरी जंगलाच्या आत असल्यामुळे तिथे वीज आणि नळाचं पाणी सहज पोचत नाही. 2022 च्या बुद्धपौर्णिमेला तिथल्या नव्या सोयींचं उद्घाटन झालं, तेव्हा विजेसाठी सौर यंत्रणा आणि जनरेटर अशी पर्यायी व्यवस्था करावी लागली होती. याला मी उलगड्याचाच भाग मानते.

फक्त भव्य इमारत म्हणजे उलगडा, असा समज नको. अजिंठ्याला चार लेण्यांच्या प्रतिकृतींसह मोठं पर्यटक केंद्र 2013 मध्ये सुरू झालं आणि वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे काही वर्षांतच बंद पडलं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये भांडवली खर्चाचं पान जाडजूड आणि देखभालीचं पान कोरं, हे आपण आपल्या मिनी-प्रोजेक्टमध्येही करतोच. बोलणाऱ्या एका चांगल्या माणसाचा पगार हा त्या मानाने स्वस्त सौदा आहे.

लेण्यांत उलगडा चुकला तर फार तर कंटाळा येतो. जंगलात चुकला तर जीव जातो. नॅशनल पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आणि चहूबाजूंनी बोरिवली, मुलुंड, भांडुप, ठाणे. आत बिबटे. 2002 ते 2004 या काळात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले फार वाढले होते, त्यातही 2004 चा जून सर्वांत वाईट. त्या वेळी लोकांची एकच मागणी असे की पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. पुढे अभ्यासातून दिसलं की एका जागचा बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. तो अनोळखी मुलखात गोंधळतो आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. 2011 मध्ये वनखात्याने संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्त्यांमध्ये, सोसायट्यांमध्ये, शाळांत, पोलिसांशी आणि पत्रकारांशी बोलणं हा मोठा भाग होता. सांगायचं ते साधंच : कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. रात्री लहान मुलांना एकटं सोडू नका. दिवा असू द्या. दिसला तर गर्दी करून घेरू नका. 2015 मध्ये कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात या परिसरात 35 बिबटे मोजले गेले. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की एवढे बिबटे आपल्या शेजारी राहतात आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही. तोच आकडा दोन प्रकारे सांगता येतो. कोणत्या प्रकारे सांगायचा, यावर शेजारच्या वस्तीतली माणसं पिंजरा मागणार की दिवा लावणार, हे ठरतं.

आणि खरं तर इथे हे काम आपल्या आधी कोणीतरी करून ठेवलं आहे. पार्कमध्ये आणि आरेमध्ये वारली पाडे आहेत, तिथे वाघोबाला देव मानतात. त्याची पूजा करायची, त्याचा मान ठेवायचा आणि त्याच्या वाटेत जायचं नाही. पण नॅशनल पार्कविषयी आपण शहरातले लोक बोलतो तेव्हा प्राणी असतात, पक्षी असतात, लेणी असतात. ही माणसं नसतात. आमच्या पहिल्या फेरीत पायथ्याशी काकडी विकणाऱ्या आजींशी आम्ही फक्त भाव केला होता. दुसऱ्या वेळी थांबून बोललो, तर कोणत्या ओढ्याला कधी पाणी येतं आणि माकडं कोणत्या पिशवीवर झडप घालतात (खडखडणाऱ्या) हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. अशा लोकांना गाइडचं रीतसर शिक्षण आणि मोबदला मिळाला तर बाहेरून तज्ज्ञ आणायची तेवढी गरज उरणार नाही.

आपल्या हॉस्टेलच्या जवळ यायचं तर अंधेरीतच दोन खजिने आहेत. महाकाली केव्हज रोडवरून आपण रोज जातो, पण त्या केव्हज म्हणजे कोंदिवट्याची 19 बौद्ध लेणी, हे किती जणांना माहीत आहे? त्यातल्या नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी दगडी भिंत आहे, जाळीच्या खिडक्यांसकट. अशी रचना फार थोड्या ठिकाणी सापडते.

दुसरा खजिना म्हणजे अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल. सुमारे 60 मीटर उंचीचा काळ्या खडकाचा सरळसोट सुळका, चहूबाजूंनी इमारती. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, भेगा पडल्या आणि त्याचे उभे खांब झाले. सुकलेल्या चिखलाला भेगा पडतात, तसंच काहीसं, फक्त खोलवर. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच डेव्हिल्स टॉवर आहे. त्याला 1906 साली तिथलं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. तिथे भूगर्भशास्त्र सांगतात आणि त्याच्या जोडीला मूळ रहिवाशांची गोष्टही सांगतात, की प्रचंड अस्वलाने नखांनी ओरबाडल्यामुळे हे उभे चरे पडले. जून महिन्यात त्यांच्या श्रद्धेचा मान राखून गिर्यारोहकांनी आपणहून चढू नये अशी विनंती केली जाते. आपला गिल्बर्ट हिल आजूबाजूने खाणीसाठी खणला गेला आणि महापालिकेच्या वारसा यादीत यायला 2007 उजाडलं. त्याच्या माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे, खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी भाविक वर जातात. तो सुळका आजवर टिकला त्यात देवीचाही वाटा असावा, असं माझं मत. तिथे लाव्हाची आणि देवीची, दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी सांगायला काय हरकत आहे?

मंडपेश्वरला तर तीन गोष्टी एकावर एक आहेत. शैव लेणं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं केलेलं चर्च, आणि आज पुन्हा शिवलिंगाची पूजा. भिंतीवर क्रूस आहे आणि माथ्यावर चर्चचे भग्न अवशेष. यातली एकच गोष्ट सांगणारा माणूस सोयीचं तेवढंच सांगतो. पोर्तुगीजांनी काय केलं हेही सांगायचं आणि आजूबाजूच्या ईस्ट इंडियन कुटुंबांना परकं न वाटू देता सांगायचं, हे कठीण आहे. मला अजून ते कसं करायचं हे सुचलेलं नाही.

या वर्षी जानेवारीत फर्स्ट इयरच्या नऊ मुलींना घेऊन मी तिसऱ्यांदा कान्हेरीला गेले. माहिती काहीच सांगितली नाही, प्रत्येकीला एका कार्डावर एक प्रश्न दिला. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यात एकूण 34 खांब, त्यांतल्या काहींवर कोरीव काम आहे आणि काही साधेच, तर काम मध्येच का थांबलं असेल? तुला खोली निवडायची असती तर कोणती? खांबांवर चांगला अर्धा तास भांडण झालं. एक म्हणाली पैसे संपले, दुसरी म्हणाली कॉन्ट्रॅक्टर बदलला, तिसरी म्हणाली मोठी भरती झाली असेल आणि राहायच्या खोल्या आधी हव्या असतील. खाली उतरलो तेव्हा साडेतीन तास झाले होते आणि शेवटची बस चुकता चुकता मिळाली.

पुढची फेरी सेमिस्टर संपल्यावरच्या पहिल्या रविवारी. सोमवारी पार्क बंद असतं, त्यामुळे सुट्टी बघून यावं. ज्यांना यायचं आहे त्यांनी मेससमोरच्या बोर्डवर नाव लिहावं, कान्हेरीच्या भिंतीवर नको. पाण्याची बाटली आपापली आणावी, पिशवी न खडखडणारी असावी. आणि मंडपेश्वरसाठी कोणाला चांगला प्रश्न सुचला तर रूम नंबर 214 मध्ये आणून द्यावा, ते कार्ड अजून कोरं आहे.